दगडाची मागली बाजू

लॉटन, ओक्लाहोमा
३ मार्च २०२४, रविवार

प्रिय डेलोरिसबाई,

तुमचं पत्र पोचून दोन आठवडे झाले. मी बरी आहे. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, असं तुमच्या लेकीनं, रोंडानं फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं.

पाकिटावर पाठवणारी मिसेस प्रुइट आणि घेणारीही मिसेस प्रुइट. आमची टपालवाली दारात उभी राहून म्हणाली, "काय हो नेल्डा, आता स्वतःलाच पत्रं लिहायला लागलात?" मी म्हटलं, "उत्तर तरी वेळेवर येतं." ती हसत गेली. मी मात्र ते पाकीट दोन दिवस पावाच्या डब्यावर तसंच ठेवलं होतं.

तुमच्या घटस्फोटानंतर हर्शेलशी माझं लग्न झालं, तेव्हापासून सव्वीस वर्षांत आपण दोघी दोनदाच बोललो. दोन्ही वेळा तुम्ही रोंडासाठी फोन केला होता आणि दोन्ही वेळा मी "थांबा, त्याला देते" एवढंच म्हटलं. तेव्हा हे पत्र कसं लिहावं ते मला नीट कळत नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं वाचन गावच्या ग्रंथालयातल्या रद्दीतल्या पुस्तकांवर झालं, आणि त्यांत अशा पत्राचा नमुना काही नव्हता.

तुम्ही विचारलंत, तो शेवटी कसा गेला. शांतपणे गेला. ऑक्टोबरमधली सकाळ होती. त्याच्या जुन्या छावणीत तोफांचा सराव चालू होता, खिडक्या थरथरत होत्या. मी त्याच्या उजव्या कानाशी म्हटलं, "तुझी पोरं आज लवकर उठली." तो हसला असं मला वाटलं. डाव्या कानानं त्याला काही ऐकू यायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. कदाचित तुमच्या वेळी थोडं ऐकू येत असेल.

दफनाच्या वेळी त्याला गणवेशाचा हिरवा कोट घातला होता का, हेही तुम्ही विचारलंत. होय. आजारात तो इतका उतरला होता की कोट पुन्हा अंगाला बसला. कोटाबद्दल आणखी एक सांगायचं आहे, पण ते आज नको.

तुमच्या पत्रातलं मुख्य वाक्य मी वाचलं आहे. "न्यायाधीशांनी लिहून दिलं होतं. मी मागत नाही, माझं आहे ते सांगते." त्याच आठवड्यात लष्कराच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचाही जाडजूड लिफाफा आला. हर्शेलच्या माघारी बायकोला मिळणारी पेन्शन आज माझ्या नावावर आहे, तुमचा अर्ज ती तुमच्या नावावर करावी असा आहे, आणि मी नोटरीपुढे सही करून सोडल्याशिवाय मंडळ ती माझ्याकडून काढून घेणार नाही, असं त्यात आहे. मी तो तीनदा वाचला.

इथं वारा सुटलाय. दोरीवर काही टिकत नाही. आता थांबते.

नेल्डा प्रुइट


लॉटन
१४ एप्रिल, रविवार

प्रिय डेलोरिसबाई,

तुम्ही उत्तर पाठवलं नाहीत. बरोबरच आहे, पेन्शनबद्दल उत्तर द्यायची पाळी माझी होती.

मंगळवारी मी माजी सैनिकांच्या मदत कार्यालयात गेले. तिथं बर्ल स्टॅगनर बसतो. तो हर्शेलच्याच तुकडीतला, तोही अर्धा बहिरा, त्यामुळे आमची खासगी गोष्ट बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांनी ऐकली.

मी विचारलं, "बर्ल, हे अर्धं-अर्धं करता येतं का?"

"नेल्डा, हा काय कापून वाटायचा केक आहे? एकाच बाईला मिळतं. सगळं किंवा काही नाही."

"मग चूक कुणाची झाली?"

"चूक म्हणजे," तो म्हणाला, "हर्शेल आपल्यासारखाच. पेन्शनमधून पैसे कापले जातात ना, मग काम झालं, असं समजणारा."

मग त्यानं मला नीट सांगितलं आणि मला ते पटलं. घटस्फोटाच्या आदेशात लिहिलं होतं की ही पेन्शन तुम्हालाच राहील. पण आदेश न्यायालयात राहिला. लष्कराला तो आपण होऊन कळत नाही. एक वर्षाच्या आत हर्शेलनं कळवायला हवं होतं, नाहीतर तुम्ही. तुमच्या वकिलानं तुम्हाला सांगितलं नाही. हर्शेलच्या स्वतःच्या पेन्शनमधून दर महिन्याला त्यासाठी कपात होतच होती, म्हणून तो निर्धास्त होता. तुमच्या नावानं पैसे भरतोय असंच तो समजत होता. मग त्यानं माझ्याशी लग्न केलं, छावणीत माझं ओळखपत्र काढलं, आणि वर्षभरानं बायको म्हणून मी आपोआप तुमच्या जागी बसले. कुणी कुणाला विचारलं नाही.

म्हणजे त्यानं तुम्हाला फसवलं नाही, डेलोरिसबाई. एवढं तुम्ही मानावंत असं मला मनापासून वाटतं. तो तोफेचा माणूस. कागद म्हटला की तो डाव्या कानानं ऐकायचा.

पण चूक कशी झाली हे कळलं म्हणून माझा राग गेला असं नाही. तुम्ही स्पष्ट लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. मी एकाहत्तर वर्षांची आहे. छावणीच्या फाटकाबाहेर गणवेश शिवायच्या दुकानात चौतीस वर्षं बसते आहे. नावाच्या पट्ट्या, हुद्द्याची चिन्हं, पँटच्या कडा. या जूनमध्ये मशीन झाकून घरी बसायचं ठरवलं होतं. गेल्या वर्षीच्या गारांनी छप्पर फोडलंय. ते पैसे माझ्याकडे राहिले तर या दोन्ही गोष्टी होतात. न राहिले तर माझी स्वतःची पेन्शन आहे, घर आहे, उपाशी मरणार नाही. पण मशीन झाकता येणार नाही.

तुम्ही पंच्याहत्तराव्या वर्षी शाळेच्या जेवणघरात ट्रे धुता, हे रोंडानं मला सांगितलं. तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत. लिहिलं असतंत तर मी ते माझ्यावर दबाव म्हणून धरलं असतं. तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून ते डोक्यातून जात नाही.

निघताना दारात उभी राहून मी बर्लला आणखी एक विचारलं. ते पेन्शनबद्दल नव्हतं. ते काय, ते पुढं कधीतरी.

नेल्डा


लॉटन
२७ मे, सैनिकांचा स्मृतिदिन

प्रिय डेलोरिस,

आता 'बाई' सोडून दिलं आहे. तुम्हाला चालेल असं धरते.

शुक्रवारी मी सही केली. बँकेतली नोटरी पोरसवदा होती. ठरलेला प्रश्न तिनं विचारला, "तुम्ही कुणाच्या दबावाखाली सही करत नाही ना?" मी म्हटलं, "मुली, ज्याचा दबाव चालायचा तो गेला." तिला हसावं की नाही ते कळेना. तिनं शिक्का मारला. बर्लनं कागद मंडळाकडे पाठवले. वेळ लागेल म्हणतो, पण माझी सही आली की सहसा ते नाही म्हणत नाहीत.

आता कोटाचं सांगते.

तो गेल्यावर कोट बाहेर काढला, वाफ दिली, आणि डाव्या बाहीवरच्या पट्ट्या बघितल्या. तीन वर्षांच्या नोकरीला एक, अशा सात. त्यांतली चौथी एका टोकाला सुटली होती. मी दिवसाला वीस-वीस बाह्या शिवते, माणसाचा हात मला टाक्यावरून कळतो. दुकानातून घेतलं तर या पट्ट्या अख्ख्या संचात मिळतात आणि मशीनवर दोन मिनिटांत बसतात. या तशा नव्हत्या. एकेक करून, हातानं, दर वेळी घरात असेल त्या दोऱ्यानं लावलेल्या. एकीचा दोरा हिरवा, एकीचा करडा, एकीचा तर चक्क निळा, जर्मनीत असताना दुसरा मिळाला नसेल. आणि टाका उलट्या बाजूला झुकलेला. तुम्ही डावखुऱ्या आहात ना? आपण एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण मला ते ऑक्टोबरपासून ठाऊक आहे.

मी बाही उलटी करून एकेक टाका बघितला. सव्वीस वर्षं मी त्याला जेवू घातलं, त्याच्याशी भांडले, शेवटी त्याला उचलून बसवलं. ते माझं आहे, त्यात तुमचा वाटा नाही. पण त्या बाहीवर माझा एकही टाका नव्हता. आणि ही पेन्शन त्या बाहीची कमाई आहे. कॅन्सस, जर्मनी, परत इथं, खोकी बांधायची आणि सोडायची, तो व्हिएतनाममध्ये असताना रोंडाला एकटीनं जन्म द्यायचा. मी यातलं काही केलेलं नाही. मी आले तेव्हा तो कायमचा घरी आलेला होता.

सुटलेली पट्टी मी पुन्हा शिवली. बाकीच्यांना हात लावला नाही. म्हणजे तो गेला तो सहा पट्ट्या तुमच्या आणि एक माझी, अशा बाहीनं.

बर्लला दारात काय विचारलं, ते आता. दफनाच्या दिवशी रोंडा मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "कबरीच्या दगडाच्या मागच्या बाजूला कुणाचं नाव येणार, हे आईला विचारायचं होतं." मी विषय बदलला. तुम्हीही पत्रात तो प्रश्न टाळलात. सैनिकांच्या दफनभूमीत नवऱ्याचं नाव दगडाच्या पुढं, बायकोचं मागं, दोघं एकाच खड्ड्यात. बर्ल म्हणाला, घटस्फोट झालेल्या बायकोला तिथं जागा देत नाहीत. ती जागा माझी आहे. ते ऐकून मी घरी येताना गाडीत गाणं म्हटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पेन्शन सोडून मी जागा विकत घेतली असं समजू नका. ती आधीच माझी होती. फक्त ती तुमच्याकडून हिसकावली, असं वाटायला नको होतं.

आज तिथं गेले होते. प्रत्येक दगडापुढं छोटा झेंडा रोवलेला. त्याचा दगड मार्चमध्ये बसवला, अजून नवा कोरा दिसतो. मी तो ओळीओळीनं वाचला. नाव, हुद्दा, तोफखाना, व्हिएतनाम, जन्माची तारीख, मरणाची तारीख. तो हुद्दा तुमच्या घरात मिळाला, त्या लढाईत तुम्ही त्याची वाट पाहिलीत. माझ्या काळातली त्यावर एकच ओळ आहे, शेवटची.

पुढची बाजू भरलेली आहे, डेलोरिस, आणि ती बहुतेक तुमची आहे. मागली कोरी आहे. तेवढी मला राहू द्या.

गुडघा साथ देईल तेव्हा रोंडाला घेऊन या. माझ्याकडे एक जास्तीची खोली आहे, छप्पर गळतं पण त्या खोलीवर नाही. दुकानातून मी चारला सुटते. तुम्हाला दगडापर्यंत नेईन आणि गाडीत बसून राहीन. तुम्हाला पुढं उभं राहून जे बोलायचं ते बोला. उजव्या बाजूनं बोला.

तुमच्या मागून आलेली,
नेल्डा