गुणाबाईची अंबाडी

मूल, ता. ६ नोव्हेंबर १९५७

प्रिय बापूभाऊ यास चंदाचा सा. न. वि. वि.

दिवाळी पोर्ल्याला बाबांजवळ करून परवा सासरी परतले. तिकडचे वर्तमान बरे नाही, म्हणून लगेच लिहायला बसले. वैशाखात तुझी काकू गेली तेव्हापासून बाबा जेवत नाहीत. सकाळी वाटीभर पेज, संध्याकाळी तीही अर्धी. वैद्यांनी नाडी पाहिली. रोग काही नाही म्हणाले, पण असेच चालले तर होळी पाहणार नाहीत, हेही मला बाजूला घेऊन सांगितले. मी गोठ्यात जाऊन रडले.

होते तितके दिवस मीच रांधले. बाबा घास तोंडात फिरवायचे आणि म्हणायचे की पोरी, तुहा दोष नाई, पण तुह्या मायच्या हातची ते सिरोंच्याची चव आता कुठी भेटन मले?

तुला ठाऊकच आहे, गावात लग्न निघाले की पंगत बसायच्या आधी कढीची वाटी बाबांकडे येते आणि त्यांनी मान हलवल्यावरच पत्रावळी मांडतात. यंदा ती वाटीही त्यांनी परत पाठवली. तुमच्या बल्लारपूरला कारखान्यामुळे देशोदेशीचे लोक आले आहेत. त्यांत आईच्या माहेरची, सिरोंच्याच्या तेलगू मुलखातली एखादी खानावळ असेल तर शोध. जेवायला या म्हणालास तर ते यायचे नाहीत. पारख करायला या म्हण. मी सुचवले हे मात्र कळू देऊ नकोस. वहिनी नाही म्हणून स्वतःच्या पोटाचे हाल करू नकोस, आणि बहिणीवर लोभ आहे तो वाढव.

तुझी बहीण
चंदा

---

बल्लारपूर, ता. ११ नोव्हेंबर १९५७

ती. काकांच्या पायी बापूचे दंडवत. वि. वि.

मी खुशाल आहे. दिवसभर कारखान्याच्या फाटकावर बांबूच्या गाड्या मोजतो. अडचण जेवणाची आहे. ज्यांच्याकडे डबा लावला होता ते बिऱ्हाड वर्ध्याला गेले, आणि आता खानावळ शोधणे आले. इथे पंजाबी आहे, मुसलमानी आहे, तेलगूही आहे म्हणतात. पण माझी जीभ म्हणजे बैलाची. गरम आणि पोटभर मिळाले की खूश. नवख्या मुलखाचे जेवण चांगले की वाईट हे कसे ओळखावे, ते आपल्याखेरीज कोण सांगणार? सविस्तर लिहावे. आशीर्वादाची सावली असू द्यावी.

आपला पुतण्या
बापूजी

---

पोर्ला, ता. १६ नोव्हेंबर १९५७

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ बैलाची आहे हे तू आता कबूल केलेस, मला तू पाळण्यात होतास तेव्हापासून माहीत आहे. असो. विचारलेस ते बरे केलेस.

स्टेशनासमोरच्या रंगीत पाटीच्या हाटेलात शिरू नकोस. तिथे ज्याची गाडी सुटते आहे तो मनुष्य जेवतो, आणि त्याला काहीही चालते हे हाटेलवाला जाणतो. वस्तीच्या कडेला जा. ज्या मुलखाचे रांधतो म्हणून सांगतात त्या मुलखाची माणसे तिथे येतात का, ते पाहा. ती गप्पा छाटत जेवत असतील तर पुढे चल. खाली मान घालून जेवत असतील तर बस. पहिल्या दिवशी मटण मागू नये, मसाल्याखाली सगळी लबाडी झाकते. साधे वरण माग. मालकाची पोरेबाळे त्याच भांड्यातले खातात का, तेही हळूच बघ. नाकाला विचारल्याशिवाय जिभेला विचारू नकोस.

तेलगू खानावळीत अंबाडीची चटणी माग. तुझ्या काकूच्या हातची तू किती वेळा खाल्ली आहेस. गुळाचा खडा टाकलेली, मऊ, मिरची नावाला. तसली असेल तरच ते सिरोंच्याचे जेवण. बाकी सगळी बतावणी. इकडे धान कापणीला आले आहे, गडी लटारू एकटाच राबतो. माझी काळजी करू नये.

तुझा काका
गुणवंत

---

बल्लारपूर, ता. २५ नोव्हेंबर १९५७

ती. काकांच्या पायी दंडवत. वि. वि.

आज्ञेप्रमाणे वस्तीच्या कडेकडेने हिंडलो. चांद्याच्या रस्त्यावर एक सरदारजी आहे, फाळणीत सगळे गमावून आलेला. पोळ्या भट्टीच्या आतल्या भिंतीला थापतो. ट्रकवाले खाली मान घालून जेवत होते, म्हणून बसलो. काळी डाळ उत्तम. पण मी भात मागितला तेव्हा त्याने मोठ्या मायेने विचारले की तबियत ठीक नहीं क्या. तिथे आपल्या झाडीपट्टीच्या भातखाऊ माणसाचा निभाव लागणे कठीण.

रुळांपलीकडे गुलाम रसूलचे हाटेल आहे. रांधते त्याची बायको जरीना, पडद्याआड. साधी डाळ मागितली तर गुलाम रसूल हसला आणि म्हणाला की डाळ मांगनेवाला गिऱ्हाईक पारखी राहते, त्याले फसवता येत नाई. पोरे त्याच पातेल्यातले जेवत होती. भात वासाच्या चिन्नोर तांदळाचा. रोजचा डबा मी तिथेच लावला आहे.

तिसरी जागा मजुरांच्या झोपड्यांच्या टोकाला. पाटी नाही, दार नाही, नुसता मांडव. पोचक्का नावाची बाई चालवते, सिरोंच्याची. तेलगू हमाल असे गप्प जेवत होते की मला देवळात आल्यासारखे वाटले. अंबाडीची चटणी मागितली. काका, पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. आंबट म्हणजे दात शिवशिवतील अशी, आणि मिरचीचे तर विचारूच नका. गुळाचे नाव नाही. काकूच्या चटणीशी तिचे काहीच नाते दिसले नाही. तरी ती बाई सिरोंच्याचीच हे हमाल शपथेवर सांगतात. आता निवाडा आपण येऊन करावा. लेकरावर दृष्टी असू द्यावी.

बापूजी

---

पोर्ला, ता. ३० नोव्हेंबर १९५७

चि. बापूस आशीर्वाद.

गूळ नाही? मग ती बाई सिरोंच्याची नव्हेच. तुझी काकू गुणाबाई अस्सल तिथली होती आणि तिच्या हातची चटणी मी जन्मभर खाल्ली. माझ्या बायकोच्या गावाचे नाव सांगून कोणी हमालांची तोंडे जाळते, हे मी चालू देणार नाही. धान खळ्यावर पडले आहे ते लटारू बघेल. गुरुवारच्या मोटारीने येतो. त्या बाईला आधी काही सांगू नकोस, नाहीतर गूळ आणून ठेवायची.

गुणवंत

---

बल्लारपूर, ता. ६ डिसेंबर १९५७

चि. सौ. चंदास बापूचे आशीर्वाद.

तुझी युक्ती लागू पडली, पण भलतीच वळली. काका काल आले. मोटारीतून उतरताना मी हात दिला तर मनगट नुसते काडीसारखे लागले. तरी तोंड सुरू होते. अंघोळ केली, धुतलेले धोतर नेसले आणि म्हणाले की चाल, दाखव मले तुही ते सिरोंच्यावाली.

मांडवात पोचक्काने पाट दिला. काका पत्रावळीपुढे ताठ बसले, कढी चाखायला बसतात तसे. तेवढ्यात आत तिने तिळाच्या तेलात लसूण आणि सुक्या मिरच्या टाकल्या. ठसका आमच्यापर्यंत आला. सगळे खोकलो. काका खोकले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी घाबरलो. मग मला हळूच म्हणाले की बापू, हा वास माह्या घरचा हाय. दुपारी मी ओसरीवर झोपलो की याच वासानं मले जाग येत होती.

मी म्हटले की अंबाडी तर काकू सकाळी करायची. तर म्हणाले की हो, तेच. दुपारचा हा वास कायचा होता? मी तं बाजूच्या शकुबाईच्या चुलीचा समजून कुंपणावरून तिलेच बोलत होतो.

मग त्यांनी चटणी-भाताचा एक घास घेतला. तोंड लालबुंद झाले, पाणी प्यायले आणि उठले. पोचक्काला वाटले आवडले नाही. तिचा चेहरा पडला. काकांनी तिला हात जोडले. रात्री काही खाल्ले नाही. चंदा, तुला यातले काही ठाऊक असेल तर लपवू नकोस. सरळ त्यांनाच लिही. ते इथेच आहेत. घरी सर्वांना माझी आठवण दे.

बापूभाऊ

---

मूल, ता. १० डिसेंबर १९५७

ती. बाबांच्या पायी चंदाचा शि. सा. नमस्कार.

बापूभाऊचे पत्र पोचले. लिहू की नको करत कालचा दिवस घालवला. बाबा, तो वास आपल्याच चुलीचा होता. आई नवी सून होऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा रांधले ते तिच्या माहेरासारखे. तुमचे तोंड पोळले आणि तुम्ही पानावरून उठलात. हे मला आईनेच हसत हसत सांगितले. मग तिने मिरची कमी केली, गूळ घातला, आणि तुम्ही गावभर सांगत सुटलात की सिरोंच्याचे जेवण असे असते. तुमच्या कौतुकाने ती इतकी सुखावली की खरे सांगायचा तिला धीर झाला नाही.

तुम्ही जेवून झोपलात की ती लहान मडक्यात आपल्यापुरती चटणी करायची. एक वाटी कुंपणावरून शकुमावशीला. म्हणून मावशीने तुमची बोलणी ऐकून घेतली, आईचे नाव कधी सांगितले नाही. आई मला बोटभर चाटवायची आणि म्हणायची की तुह्या बाबाले सांगजो नको, त्याईले वाईट वाटन. तिला दुःख नव्हते, बाबा. ती भिंतीला टेकून, पाय पसरून आरामात जेवायची. तुम्ही काहीतरी खा, एवढेच मागणे.

आपली
चंदा

---

बल्लारपूर, ता. १७ डिसेंबर १९५७

चि. सौ. चंदास बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र बापूने वाचून दाखवले, मग मी स्वतः वाचले. त्याच दुपारी एकटा पोचक्काच्या मांडवात गेलो. तिला सांगितले की माझ्यासाठी काही कमी करू नकोस. अर्धा भात खाल्ला. नाक-डोळे वाहत होते, ते मिरचीने की कशाने हे हमालांनी विचारले नाही, भले लोक आहेत. दुसऱ्या दिवशी सगळे पान संपवले. आता रोज जातो. पहिल्यांदा नुसती आग लागते, आणि मग मागून आंबट चव येते. ती फार चांगली आहे गं. असे काही तुझी आई रोज खात होती आणि मी पलीकडे घोरत होतो.

बापू म्हणतो चेहऱ्यावर तजेला आला. खळ्याचे काम आहे म्हणून रविवारी पोर्ल्याला निघतो. पोचक्काने करायची रीत सांगितली आहे. पहिली वाटी शकुबाईकडे घेऊन जाईन, ती काय बोलायचे ते बोलेल.

पोरी, तुझ्या आईला मी कधी विचारले नाही असे नाही. तुले काय आवडते म्हटले की ती म्हणायची, तुमाले आवडते तेच. मी ते खरे धरले. आता अंबाडीचे कळले. आणखी काय काय आवडायचे तिला, ते लिहून पाठव. खायचे असेल तर रांधून खाईन. खायचे नसेल तरी लिही.

तुझे
बाबा