घराचा समाधान-स्कोअर

३ मार्च, सोमवार, सकाळी ७.४०
बायको लेकीकडे गेली त्याला आज तेविसावा दिवस. आठ दिवसांत येते म्हणाली होती. काळजीचं कारण नाही. ऑफिसात अठरा वर्षं ग्राहकांचं समाधान मोजतोय, घरचं मोजायला असा किती वेळ लागणार! फोन करून विचारणं म्हणजे उगाच रडारड. आकडा कसा, स्वच्छ असतो.

४ मार्च
फॉर्म तयार. पाच प्रश्न, शेवटी अभिप्रायाची चौकट. मुख्य प्रश्न: हे घर तुम्ही इतरांना किती सुचवाल, शून्य ते दहा? बायको, लेक, जावई, तिघांना लिंक पाठवली. त्याआधी चालतो का बघायला मीच एकदा भरला. दहा दिले. अगदी प्रामाणिकपणे.

७ मार्च
लेकीचे चार. जावयाचे सात. बायकोचं काहीच नाही.
हिशेब असा: नऊ-दहा देणारे खूश, सात-आठवाले काठावरचे, सहापर्यंत नाराज. खूश लोकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा. माझा फॉर्म धरून एक खूश, एक नाराज. स्कोअर शून्य. छे, काहीतरी चुकतंय.

९ मार्च, रविवार
घरात आवाज फक्त फ्रिजचा. चार वेळा फोन हातात घेतला, खाली ठेवला. फॉर्म भरणाऱ्यावर दबाव आणायचा नसतो, नियमच आहे. फार एकटं वाटलं. जेवण: ब्रेड.

१० मार्च
सापडलं! लेक लग्न होऊन गेली, म्हणजे जुनी ग्राहक. बाद. स्कोअर पन्नास. जावई या घरात राहिलाच कुठे? सासऱ्यालाही दुखवायला नको, स्वतःच्या बायकोलाही, म्हणून सात. तोही बाद. स्कोअर शंभर! ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, फॉर्म भरले किती जणांनी? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१२ मार्च, सकाळी ८.१०
बायकोचा फॉर्म आला! पाचही प्रश्न कोरे. अभिप्रायात लिहिलंय, पाच प्रश्न विचारलेत, त्यात परत कधी येतेस हा नाही. पहिले आठ दिवस बॅग भरूनच ठेवली होती, म्हणे. तुमच्या फोनची वाट बघत.
तीनदा वाचलं.

८.४५
नियमाप्रमाणे अपूर्ण फॉर्म बाद होतो. बाद केला. स्कोअर शंभरच. फॉर्म भरणारे एकूण: एक.
ऑफिसला निघालो. दार ओढताना सवयीने येतो गं म्हणालो. हे जिन्यात उभा राहून लिहितोय.