लसणाच्या तेलाची पळी

आधी ती पळी खाली ठेव! मेलीस तरी रोज दुपारी माझ्या झोपेत यायचं, तेही लसणाचं तेल कढवून. कोणी बोलावलंय तुला?

आये,

चौथीपर्यंत शिकलेली मी पत्र लिहायला बसले, म्हणजे गोष्ट तशीच असणार. माझा डावा कान लहानपणीच गेला. उजवा उशीवर टेकला की अख्खी विक्रोळी बंद होते. पंखा नाही, कुकरची शिटी नाही. खाडीच्या पाण्याखाली गेल्यासारखं, सगळं हिरवं हिरवं. आणि त्या पाण्यातून तू चालत येतेस, पदर मात्र कोरडा.

माझी नात मनू, दोन वर्षांची. तू कुठे पाहिलीस! तिला सर्दी झाली, मग ताप. डावा कान ओढत होती. आडवं केलं की किंचाळायची, कडेवर घेतलं की जरा गप्प. सकाळी उशीवर पिवळा डाग. मी काय केलं असेल? तुझीच ना मी! पळी तापवली.

सुनेने मनगट धरलं. "आई, कानात थेंबसुद्धा नाही घालायचा. आधी डॉक्टरांना बघू दे."

"आमच्या आयेने चाळभर पोरांच्या कानांत घातलं."

"आणि तुमच्या कानाचं काय झालं?"

सून मेली डाव्या बाजूला उभी असती तर ऐकू तरी आलं नसतं!

डॉक्टरीणबाईंनी बत्ती लावून बघितलं. आत पू साठून पडद्याला भोक पडलं होतं. म्हणाल्या, "तेल नको, पाणी नको. औषध तोंडाने, आणि ताप उतरला तरी पूर्ण संपवायचं."

"ऐकू येईल ना?"

"बहुतेक वेळा पडदा भरतो. पण पुन्हा तपासायला आणाच."

तिसऱ्या दिवशी ताप गेला. मी म्हटलं, पुरे आता औषध. सुनेने बाटली माझ्या हातात दिली. पाजलं मग, शेवटच्या चमच्यापर्यंत.

आये, माझाही कान असाच वाहायचा. तू मायेनेच घालायचीस, फुंकर मारून. तेलाने गेला की पुवाने, कोणाला ठाऊक? पण तेलावर भागवलं आणि डॉक्टरकडे न्यायचं राहिलं. शाळेत बाई हाक मारायच्या, मी ओ देत नसे. मठ्ठ असं नाव पाडलंस. एकदा मागून हाक मारून बघायचंस तरी!

पळी आता फोडणीलाच, हा माझा शब्द. उद्या मनूला तपासायला न्यायचंय. त्याआधी मी तिच्या मागे उभी राहून डाव्या बाजूने हळूच हाक मारणार आहे. तू तिथे घुटमळशील, मला माहीत आहे. घुटमळ. पण ओ तू द्यायची नाहीस. ओ मनूने द्यायची.

तुझी,
शेवंती