हलक्या ओट्सना गिऱ्हाईक

४ ऑक्टोबर
कापणी संपली. शेड ओट्सनी भरली. यंदा पहिल्यांदाच बाबांनी शेत माझ्या हाती दिलं होतं, धाकट्या भावाच्या नाही. रंग झकास आहे. धाकट्याने मूठभर उचलून फुंकर मारली, निम्मे दाणे उडाले. पोचट आहेत म्हणाला. पेरणी लांबली की दाणा भरत नाही, हेही ऐकवलं. पेरणी लांबली नव्हती, मी अभ्यास करत होतो. आणि माल हलका असणं हा दोष कसा? उलट वाहतूक सोपी. संकल्प: आठवड्याच्या आत सगळा माल गिरणीला.

७ ऑक्टोबर
गिरणीत जाऊन आलो. तपासणीच्या बाईंनी मापाचं भांडं भरलं, वरून पट्टी फिरवली, काट्यावर ठेवलं आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. नुसती टरफलं आहेत, भरडून हाती काय लागणार, म्हणाल्या. काटा जुना दिसतो, मी म्हटलं. त्यांनी दुसऱ्या कुणाचे तरी ओट्स त्याच भांड्यात भरून दाखवले. काटा झपकन खाली. दाखवायला म्हणून खास ठेवलेले असणार.
घरी सांगितलं, गिरणी विचार करतेय.

११ ऑक्टोबर
घोड्यांचा तबेला. घोडे ओट्स खातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिरणीच्या नादी लागलो हेच चुकलं. तबेलेवाला म्हणाला, शर्यतीच्या घोड्यांना हे दाखवायचं सुद्धा नाही. फार आग्रह केला तेव्हा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या घोड्यापुढे बादली ठेवली. घोड्याने नाक आत घातलं आणि फुरफुरला. सगळं सॅम्पल माझ्या कोटावर.
एका घोड्याच्या मतावर मार्केट ठरत नसतं.

१२ ऑक्टोबर
बायकोचं म्हणणं, तिच्या भावाला विचारावं. त्याच्या मेंढ्या आहेत आणि दुसऱ्या खाद्यात मिसळून मेंढ्यांना असले ओट्स चालतात. मी स्पष्ट सांगितलं, नात्यात व्यवहार नको. तत्त्व म्हणजे तत्त्व. मेहुणा एकदा माझ्या टोपीला हसला होता, त्याचा इथे काही संबंध नाही.

१६ ऑक्टोबर
पेपरात जाहिरात दिली. ‘वजनाला हलके, पचायला हलके.’ मजकूर माझाच. सकाळीच फोन. समोरच्याला ओट्स विकायचे होते. त्याचेही पोचटच. बराच वेळ बोललो. फार समजूतदार माणूस.

२० ऑक्टोबर, दुपार
धाकट्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. आत गरम लागतंय. ओल राहून गेली होती. असंच पडून राहिलं तर सगळं कुजणार. तो आणि बायको फावडी घेऊन ढीग उलटायला लागले. मी नियोजन बघत होतो. धाकटा म्हणाला, दादा, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. म्हणून फावडं घेतलं.
मान वर केली तर पलीकडे बाबा. कमरेला पट्टा बांधलेला, हातात फावडं. तुम्ही आत जा, मी म्हटलं. गेले नाहीत. बोललेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ
मेहुण्याशी बोललो. फोन बायकोने लावला आणि माझ्या हातात दिला. तत्त्वाला अपवाद असतोच.

२३ ऑक्टोबर
मेहुणा आला. घासाघीस कडक करायची असं ठरवलं होतं. त्याने चार दाणे चावले, टरफलं थुंकली, म्हणाला, भाऊजी, सगळा माल नेतो, बदल्यात काही मेंढ्या देतो. माझ्या तोंडून थँक्यू निघून गेलं. घासाघीस राहिली. उन्हं उतरायच्या आत त्याच्या माणसांनी शेड झाडूनपुसून रिकामी केली.
एकूण विचार करता डील माझ्याच फायद्याचं. आता मी मेंढीपालक.

२४ ऑक्टोबर
जेवताना बाबा बोलले.
“पुढच्या वर्षी पेरणी धाकटा करेल. तू मेंढ्या बघ.”
आवाज नेहमीचाच. धाकट्याने ताटातून मान वर केली नाही. बायको उगाचच पाणी आणायला उठली. मी म्हटलं, मीही हेच सुचवणार होतो.

२६ ऑक्टोबर
मेंढ्या पहाटेपासून ओरडतायत. भुकेल्या आहेत असं बायको म्हणाली. शेडमध्ये जाऊन बघितलं. मूठभर ओट्स नाहीत.
मेहुण्याकडे गेलो. त्याने काही विचारलं नाही. आमच्याच मालातलं एक पोतं पुढे सरकवलं. वजन पेलवेल की नाही म्हणून नीट वाकलो, दम धरला, जोर लावला.
पोतं सहज खांद्यावर आलं.