सारसांच्या गावाचं नाव

८ ऑगस्ट
दिल्लीहून पुस्तिकेचं काम आलं. परदेशी पाहुण्यांसाठी, 'भारत पाहा' थाटाची. जर्मन मजकूर माझा, पानं रोहिणी लावणार. महाराष्ट्राला चार पानं: मुंबई, वेरूळ, गड, समुद्र. नकाशात राज्याची पूर्व बाजू होकायंत्राच्या चित्राखाली गेलीय. रोहिणी म्हणाली, "मॅडम, माझा गोंदिया याच्याखाली आहे."
मी म्हटलं, "तिथे बघायला काय आहे?"
तिने तोंड स्क्रीनकडे वळवलं. टोमणा नव्हता माझा. खरंच माहीत नव्हतं. ते जास्त वाईट.

११ ऑगस्ट
रो.ने फोनवर व्हिडिओ दाखवला. धानाच्या शेतात दोन राखाडी पक्षी, लाल मान. सारस. तिच्या बाबांच्याच शेतात घरटं आहे. तीनदा पाहिला.
ऑफिसच्या सरांना विचारलं, एक पान पूर्वेला देऊ या का. "फोटो, मजकूर आणा, मग बोलतो दिल्लीशी. बाकी मंडईपलीकडे जग आहे हे कळलं तुम्हाला, अभिनंदन." (आमचं घर मंडईमागे, अब्बांचं मसाल्याचं दुकानही तिथेच. सर सोडतात होय!)

२३ ऑगस्ट, रो.च्या गावी
सकाळी साडेसहाला शेतात. पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्याला इथे बांधी म्हणतात. बाबा पुढे, अनवाणी. मी काहीतरी विचारायला गेले तर, "हळू, पोरी. ते पाहून राहिले आपल्याकडे."
मग दिसले.
व्हिडिओत काहीच येत नाही. मादी घरट्यावरून उठली. उठतच राहिली. माझ्याएवढी झाली. नर शेजारी आला, दोघांनी चोची आभाळाकडे केल्या आणि हाक दिली. दोघांची मिळून एकच. माझ्या छातीत वाजली ती. पंख उघडले तेव्हा मी मागे सरकले आणि चिखलात बसले. कोणी हसलं नाही. 'या अल्लाह' एवढंच निघालं तोंडातून. कॅमेरा गळ्यात, फोटो एकही नाही.
घरट्याच्या आसपास बाबा निंदायला जात नाहीत, फवारत नाहीत. का, विचारलं. "त्यांचं घर आहे ना जी तिथं."

२४ ऑगस्ट
फोटो मिळाले, लांबून.

५ सप्टेंबर
मजकूर चौथ्यांदा. जर्मनमध्ये पक्ष्याला नाव आहे, त्या उठण्याला शब्द नाही. मराठीत तरी कुठे आहे. शेवटी साधंच लिहिलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला. टोमणा नाही! "हे महाराष्ट्रात आहे?" एवढंच म्हणाले.

११ सप्टेंबर
दिल्लीचा होकार. पाचवं पान! होकायंत्र समुद्रात सरकवलं. रो. रडली, मग हसली, मग सगळ्यांना चहा. होकाराच्या मेलखाली सूचना: गावाचं नाव, जायचा रस्ता, बघायची योग्य वेळ कळवा. ती वाचून रो.ने चहाचा कप खाली ठेवला.

१२ सप्टेंबर
रो. म्हणते, गाव नको, नुसता जिल्हा लिहा.
"मग येणार कोण? मुंबई बघून परत जातील, नेहमीसारखे."
"आणि आले तर? गाड्या, ड्रोन... घरटं सोडून जातील ते, मॅडम."
दोघींचंही खरं. डबे आज वेगवेगळ्या टेबलांवर.

१४ सप्टेंबर
बाबांनाच फोन लावला, स्पीकरवर. दोन पिल्लं निघालीत. आवाजातच कळत होतं, माणूस हसतोय. मग सगळं सांगितलं.
"लिहा जी गावाचं नाव. आमच्या इकडे कोणी येतच नाही. लोकांना वाटते, इकडे काही नाहीच." मग हळू आवाजात, "पण पोरी, ते पाहुणे चूप उभे राहतात का? किती वेळ?"
वीस वर्षं जर्मन लोकांत वावरतेय. आठवून पाहिलं.
रो. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बाबा, उद्या कळवते."
उद्या दुपारपर्यंत पान पाठवायचंय. बाकी सगळं भरलं. गावाची जागा तेवढी अजून कोरी.