जुना कॅमशाफ्ट, नवे रॉकर

बाबा, काल कराडला एकाच्या जीपमध्ये शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलेला पाहिला. सपाटीला सुसाट, जरा चढ आला की मरगळ. तुम्ही असता तर काहीतरी बोलला असता.

अजून डोळ्यांसमोर आहे, लालबागला चाळीसमोर आपली टॅक्सी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढून उभी आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस, भिंती गेरूने रंगलेल्या, आणि दिसेल त्या मोर्चामागे मी. ते राहू दे. तुम्हाला आईला स्वतःच्या गाडीतून गावी न्यायचं होतं, कशेडीच्या घाटाने, आणि आपली गाडी परळचा पूल चढतानाच धापा टाकायची. म्हणून माझगावच्या भंगारातून तुम्ही दोन वस्तू आणलेल्या. एक शर्यतीच्या गाडीतला कॅमशाफ्ट, म्हणजे फिरत फिरत वॉल्व उघडणारा दांडा, आणि दुसरी, वॉल्व जास्त खोल दाबणारे रॉकर. मला दोन्ही एकदम बसवायचे होते. "थांब जरा," म्हणत तुम्ही स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा उचलून आणलात. मागून आई, "इंजिनाक पण जेवण लागता काय आता?"

तेल लावून कणीक पिस्टनवर थापली, हेड बसवलं, इंजिन हाताने फिरवलं, हेड परत काढलं. कणकेला आरपार भोक. म्हणजे चालत्या गाडीत वॉल्व पिस्टनवर आपटला असता. मग एकटा कॅमशाफ्ट, मग एकटे रॉकर, दर वेळी नवी कणीक. एकेकटे दोन्ही बसत होते. मी म्हटलं, कॅमशाफ्टच घ्या, ताडदेवपर्यंत कोणी गाठणार नाही. तुम्ही रॉकर नवे ठेवलेत आणि जुनाच कॅमशाफ्ट आत सरकवलात.

"एवढं सगळं उघडून परत तोच?"

"शर्यतीचा तो फक्त भरधाव पळताना ताकद देतो रे, रॉकर हळू चढतानाही. घाटात पळवली तर तुझी आई मागे ओकत बसेल."

निघायच्या सकाळी म्हणालात, "तू पुढे बस. इंजिनाचा आवाज ऐक, तुझा कान चांगला आहे." तुमच्या तोंडून मिळालेली शाबासकी ती एवढीच. मी नाक्यावर तुमचं पान आणायला गेलो, तिथे मोर्चा लागला, आणि त्याच्यासोबत थेट कामगार मैदान. दुपारी परतलो तर गाडीची जागा मोकळी.

तुम्ही परत आलात तेव्हा मी विचारलं, "चढली?" "चढली," म्हणालात आणि मोरीत पाय धुवायला गेलात. त्याच पावसाळ्यात तापाने तुम्ही गेलात. कोणत्या गियरवर चढली, वळणावर थांबवावी लागली का, वर पोचल्यावर इंजिन कसं वाजत होतं, काही विचारलं नाही. आईला विचारतो तर म्हणते, "माका झोप लागली होती." घाटात झोप लागली, म्हणजे तुमचं बरोबरच होतं.

आता मी लॉरी चालवतो, लोकांची इंजिनंही उघडून देतो. बेळगाव, इंदूर, पार हैदराबाद, पाय एका जागी ठरत नाहीत. हे लिहिलेलं कुठे टाकायचं तेही कळत नाही, सीटखाली राहील. फक्त कशेडीकडचं भाडं आलं की मालकाला सांगतो, पाठ धरलीय, दुसऱ्याला पाठवा. पाठ ठणठणीत आहे, बाबा.