पेन्सिलीवरची कावीळ

बाई, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, नाहीतर हे सगळं मी तुमच्या दारात उभी राहून, चार लोक गोळा करून बोलले असते. आपण सीमेपलीकडचे, ऑफिसचं मी हिंदीत लिहिते. भांडण मात्र मराठीतच येतं, आणि ही मराठीसुद्धा तुमच्याच स्वयंपाकघरात पक्की झाली, त्याचाही आज राग येतो.

मी आठ वर्षांची होते. तुम्ही नर्स होता त्या उपकेंद्रात माय बाळंत झाली, बाबा भरवेलीच्या खाणीत ड्युटीवर. सकाळपासून रक्त थांबेना, जीप यायला दुपार झाली, तुम्ही तिला घेऊन गोंदियाकडे निघालात. राजेगावच्या अलीकडेच ती गेली. बाळही राहिलं नाही. बाबा धावत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "अंगात कावीळ होती तिच्या, मी काय करू?" बिचाऱ्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला. घरात कावीळ म्हटल्यावर माझ्याही गळ्यात वैदूकडची काड्यांची माळ पडली. ती रोज थोडी लांब झाली की कावीळ उतरते म्हणे. सव्वा महिना मी ती घालून शाळेत गेले, आणि मोहल्ल्यात कोणी मला आपल्या गुंडातलं, घागरीतलं पाणी देईना. तुम्ही रोज त्याच गल्लीतून जात होता, बाई. माळ दिसत होती तुम्हाला.

मग दर रविवारी तुम्ही मला जेवायला बोलवायला लागलात. भात, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी. तुम्ही माझे केस विंचरताय आणि मी विचारतेय, "बाई, माह्या मायले काय झालतं?" तुम्ही ताट पुढे सरकवता. "पहिले जेवून घे, मंग सांगतो." ते मंग कधी आलं नाही. लोक म्हणायचे, पोरीचं नशीब उघडलं नर्सबाईनं. मलाही तसंच वाटायचं. तुम्हीच मला नर्सिंगला घातलं, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी भेट दिली ती एक पेन्सिल आणि खोडरबर. "मृत्यूच्या रजिस्टरात पहिले पेन्सिलीनं लिहायचं. साहेबानं पाह्यलं की मंग पेनानं." एकदा मी सरळ पेनानं लिहिलं तर सगळ्यांसमोर ओरडलात, "अक्कल गहाण ठेवली काय वं?" मी रडले होते. मला वाटलं, अक्षर चुकू नये म्हणून शिकवताय.

मागच्या वर्षी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायला निघाली, तेव्हा मायची ओळ सापडली. पेनानं लिहिलंय, पीलिया, म्हणजे कावीळ. कागद खिडकीपाशी तिरपा धरला तर खाली पेन्सिलीचे दाबलेले खड्डे दिसतात: प्रसव के बाद रक्तस्राव. अक्षर तुमचं. म्हणजे खरं काय ते तुम्ही आधी लिहिलं होतं, आणि मग आपल्या हातानं खोडलं. सहा महिन्यांनी आमच्याच मोहल्ल्यातली दुसरी बाई. वर बुखार, खाली तेच खड्डे. मायचं खरं राहू दिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, जीपले दुपार काहून झाली, रक्त काहून नव्हतं. ती दुसरी वाचली असती. तुमच्या खोडरबरानं मारली तिला, मी सरळ म्हणते.

आता मीटिंगच्या खोलीत मातामृत्यूचा तक्ता आहे, रेघ वर्षानुवर्षं खाली उतरत आलेली. खोटी नाही ती सगळी. आता गाडी लवकर येते, रस्ते झाले, रक्त मिळतं, बाया घरी बाळंत होत नाहीत, ते मीच डोळ्यांनी पाहते. पण त्या उतारात तुमचाही हात आहे. त्याच तक्त्याशेजारी तुमचा फोटो होता, शाल-नारळ घेतलेला, आपल्या भागात एकही मातामृत्यू नाही म्हणून. तो मी उतरवला. फिनाईलच्या डब्यांमागे उलटा ठेवलाय. परवा तिरोडीकडची एक बाई बाळंतपणात गेली. साहेब म्हणाले, "अभी पेन्सिल से लिखो, मैडम, देख लेंगे." मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं, रक्तस्राव, गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली. तुमचा बदला घेतल्यासारखं वाटलं, आणि छान वाटलं, खोटं काहून बोलू?

हे पत्र कुठं पाठवणार? तुमच्याच फोटोमागे ठेवीन. पण एक राहिलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी पाहिलं आणि मीही एका बाळंतिणीची ओळ खोडली होती. तुम्ही नव्हता तेव्हा, तुमच्यावर ढकलता येत नाही. त्या बाईची पोरगी आता सातवीत आहे, दर रविवारी माझ्याकडे जेवायला येते. मी तिचे केस विंचरते. या रविवारी तिनं विचारलं, "मौसी, मेरी माँ को क्या हुआ था?"

मी ताट पुढे सरकवलं. म्हटलं, "पहले खाना खा ले."